कृपादान आणि सुभक्ति

ख्रिस्ती शास्त्रांत दोन स्थळें अशीं आहेत, कीं तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं असतां साध्या भाविकाचें मन गोंधळून जावें. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत प्रभु येशू सांगतो कीं, शेवटच्या दिवशीं पुष्कळ लोक त्याच्यापुढें येतील आणि, आम्हीं तुझ्या नांवानें उपदेश केला, भुतें काढलीं, मोठमोठीं अद्भुतें केलीं, असा पाढा वाचतील. आणि त्यांस उत्तर मिळेल कीं, तुमची माझी ओळख कधींच नव्हती. त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत एक धनी परदेशीं जातांना तिघां चाकरांच्या हातीं आपलें द्रव्य सोपवितो, आणि परत आल्यावर, ज्यानें आपला वांटा जमिनींत पुरून ठेवून जसाच्या तसा परत आणून दिला, त्या चाकरास बाहेरच्या अंधारांत घालवितो. पहिल्या ठिकाणीं देणगी वापरणारे नाकारले गेले. दुसऱ्या ठिकाणीं न वापरणारा. मग माणसानें करावें तरी काय?

हा पेंच केवळ ख्रिस्ती माणसाचा आहे असें कोणीं समजूं नये. आपल्या सर्वांच्याच घरांतून त्याची एक घरगुती आवृत्ति रोज वाचली जाते. एक मुलगा हुषार आणि दुसरा गुणी, असें आपण म्हणतों, तेव्हां हुषारी आणि गुण यांचीं खातीं आपण निरनिराळीं मांडलेलीं असतात. हुषारीच्या खात्यावर परीक्षा, नोकरी आणि नांवलौकिक. गुणाच्या खात्यावर देवपूजा, मातापित्यांची सेवा आणि अधूनमधून धर्मादाय. हीं दोन खातीं एकाच धन्याचीं आहेत, आणि एकांतली बाकी दुसऱ्यांत ओढावी लागते, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मराठी बायबल वाचणाऱ्यांस ‘सुभक्ति’ हा शब्द परिचित आहे. तो मोठा चांगला शब्द आहे. नुसती भक्ति म्हटली म्हणजे डोळे मिटलेला मनुष्य डोळ्यांपुढें येतो. सुभक्तींत त्याचें उघड्या डोळ्यांनीं वागणेंही येतें. पौलानें तीमथ्याला धाडलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. त्यांत तो या तरुण शिष्याला दोन गोष्टी सांगतो. पहिली, सुभक्तीची तालीम कर. दुसरी, तुला जें कृपादान मिळालें आहे त्याची हयगय करूं नकोस. तालीम हा शब्द आम्हीं मुद्दाम योजला आहे. मूळ ग्रीक शब्द आखाड्यांतलाच आहे. या दोन आज्ञांमध्यें सातच वचनांचें अंतर आहे. तेव्हां पौलाच्या मनांत तरी हे दोन वेगळे विषय नव्हते. करिंथकरांस लिहितांना त्यानें असेंच केलें आहे. बाराव्या अध्यायांत कृपादानांची चर्चा, चौदाव्यांतही कृपादानांचीच चर्चा, आणि मध्यें तेरावा अध्याय प्रीतीचा. लग्नसमारंभांत व स्मरणसभांत हा तेरावा अध्याय एकटाच काढून वाचण्याची चाल पडली आहे, त्यामुळें तो कोणत्या भांडणाच्या मधोमध उभा आहे याचा विसर पडतो. करिंथच्या मंडळींत देणग्या उदंड होत्या. त्यांवरून कोण मोठा, कोण लहान, याची चुरस लागली होती.

परंतु शब्दांची फोड करून हा प्रश्न सुटेल असें आम्हांस वाटत नाहीं. तो एखाद्या आयुष्यांत पाहिला पाहिजे. आणि असें एक आयुष्य आमच्या फार जवळचें आहे.

मीरा-भाईंदर म्हटलें म्हणजे आज डोळ्यांपुढें येतात त्या उंच इमारतींच्या रांगा आणि सकाळच्या गाडीला लोंबकळणारी माणसें. २००२ सालीं महानगरपालिका झालेल्या या शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतींत ८,०९,३७८ भरली. पण स्टेशनापासून पश्चिमेस मिठागरें मागें टाकीत राई, मुर्धा, मोर्वा या गांवांवरून पुढें गेलें म्हणजे डोंगरी, पाली, चौक, उत्तन हीं जुनीं गांवें लागतात. पोर्तुगीजांच्या अंमलापासून येथें ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी राहत आले आहेत. घरांत मराठी, देवळांत मराठी, दारांत क्रूस, आणि बांबूला टांगलेल्या बोंबलांचा वास. १५३४ त सुरू झालेला तो अंमल १७३९ त चिमाजी आप्पांच्या मोहिमेनें संपला. गांवांतली प्रार्थना संपली नाहीं. स्टेशनावरून उत्तरेची गाडी धरली तर लगेच खाडीचा पूल लागतो, आणि पलीकडे वसई. त्या वसईंत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई या कोंकणपट्टीचीच.

गोन्सालोचें संतपण सर्वांस ठाऊक आहे. पलीकडे गास गांवीं त्याच्या नांवाचें देऊळ आहे, आणि वसईंत त्याच्या नांवाचें कॉलेज आहे. पण संत म्हणून त्याला वेदीवर बसविल्यावर त्याच्या आयुष्याचा मधला भाग लोकांच्या नजरेआड झाला आहे, आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तोच मोलाचा आहे. लहान वयांतच तो येशूसंघाच्या एका धर्मगुरूबरोबर जपानांत गेला. तेथें त्यानें सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें, आणि जपानी भाषा इतकी आपलीशी केली कीं लोकांना त्याचें बोलणें परक्याचें वाटेना. हीच त्याची देणगी. विद्वत्ता नव्हे, घराणें नव्हे, पैसा नव्हे. एक परकी भाषा त्या देशाच्या माणसासारखी बोलतां येणें. त्याची इच्छा होती येशूसंघांत प्रवेश मिळावा. तो मिळाला नाहीं.

येथें वाचकानें क्षणभर थांबावें. ज्या संस्थेसाठीं मनुष्य तारुण्याचीं आठ वर्षें खर्च करतो, ती संस्था त्याला दार उघडीत नाहीं. अशा वेळीं माणसें दोन प्रकारें वागतात. कांहीं कडवट होतात; कांहीं म्हणतात, ठीक आहे, मग आमची देणगी आमची. गोन्सालोनें पूर्वेकडच्या समुद्रांत व्यापार सुरू केला. तो व्यापार चांगला चालला. तीच भाषा, जी उपदेशाला उपयोगी पडत होती, ती आतां सौद्याला उपयोगी पडूं लागली. यांत पाप कांहींच नव्हतें, आणि आम्ही व्यापाराला कमी लेखीत नाहीं. परंतु त्याच्या मनाला तें पुरेना. पुढें तो मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत शिरला, तो धर्मगुरु म्हणून नव्हे, साधा बंधु म्हणून. मठांतल्या बंधूचें काम काय असतें? स्वयंपाक, झाडलोट, दारावर उभें राहणें. ज्यानें स्वतःच्या पेढ्या चालविल्या त्यानें हें पत्करलें.

मग त्या विसरलेल्या देणगीला हांक आली. फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठविण्याचें ठरविलें. पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूबरोबर दुभाषी म्हणून कोण जाणार? १५९३ सालीं गोन्सालो पुन्हां जपानच्या भूमीवर उतरला. तीन साडेतीन वर्षें त्यानें दुसऱ्याचे शब्द तिसऱ्याला समजावून दिले. दुभाष्याचें काम मोठें चमत्कारिक असतें. तो जितका चांगला, तितका तो दिसेनासा होतो. ऐकणाऱ्याला वाटावें कीं बोलणाऱ्यानेंच आपल्या भाषेंत सांगितलें. आपली देणगी इतक्या पूर्णपणें दुसऱ्याच्या हवालीं करणारा दुसरा धंदा आम्हांस तरी आठवत नाहीं.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली. या लोकांना पकडण्यांत आलें, त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली, आणि कडाक्याच्या थंडींत सुमारें एक महिना त्यांना चालवीत नागासाकीला नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांना तेथें क्रूसांवर चढविलें गेलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, सतरा जपानी भाविक होते, आणि तीन येशूसंघाचे होते. ज्या संघानें गोन्सालोला घेतलें नाहीं त्याचीं माणसें शेवटीं त्याच्याच रांगेंत उभीं राहिलीं. त्यांतला पॉल मिकी हा नांवाजलेला वक्ता होता, आणि तो क्रूसावरूनही बोलला. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं या सर्वांना संत म्हणून जाहीर केलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गोन्सालोला जपानी येत नसतें, तर तो त्या वकिलातींत गेला नसता. कदाचित् मनिलाच्या मठांत म्हातारा होऊन वारला असता. देणगीनेंच त्याला क्रूसापर्यंत नेलें. यावरून कोणी म्हणेल कीं देणगीनें त्याला साधु केलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. तीच भाषा त्याच्या जिभेवर व्यापाराच्या वर्षांतही होती. तिच्यांत भर पडली ती त्यानें ती आपली म्हणून जवळ बाळगणें सोडलें तेव्हां. आणि उलटही म्हणतां येत नाहीं कीं भाषा वगळून त्याची सुभक्ति निराळी काढून दाखवितां येईल. ती भाषा खर्च करण्याच्या रोजच्या कामांतच, दरबारांत तासन् तास दुसऱ्याचें बोलणें बिनचूक पोंचविण्यांतच, ती सुभक्ति वाढत होती. आखाडा तोच होता.

सातव्या अध्यायांत ज्यांना नाकारलें गेलें त्यांच्या तोंडचें पद काय आहे तें पाहावें. आम्हीं केलें. त्यांचें काम खोटें होतें असें प्रभु म्हणत नाहीं. भुतें निघालीं असतील, अद्भुतें झालीं असतील. ज्यांना गुण आला त्यांना तो आलाच. पण हिशेब मांडतांना त्यांनीं भांडवल स्वतःच्या नांवावर दाखविलें. आमच्या पाहण्यांत एक गृहस्थ होते. देवळांतला बाजा ते असा वाजवीत कीं परगांवचे लोक ऐकायला थांबत. एका सणाला गायकवृंदाची व्यवस्था दुसऱ्याकडे गेली, आणि त्या दिवसापासून त्यांनीं बाजाला हात लावला नाहीं. ते वाईट गृहस्थ मुळींच नव्हते. उपास करीत, दानही करीत. ज्याला ते आपली भक्ति म्हणत होते ती देवाच्या नांवानें केलेली स्वतःची मालकी होती, हें त्यांना त्या सणापर्यंत कळलें नव्हतें. आणि नंतरही कळलें असेल असें वाटत नाहीं.

परंतु या मालकीपेक्षां आम्हांस तिसऱ्या चाकराचें भय अधिक वाटतें, कारण तो आमच्यासारखा आहे. त्यानें चोरी केली नाहीं, उधळपट्टी केली नाहीं. त्या काळच्या यहुदी रीतीप्रमाणें दुसऱ्याची ठेव जमिनींत पुरून ठेवणें हा तिच्या रक्षणाचा सर्वांत निर्धोक मार्ग समजत. त्याला मिळालें होतें तेंही थोडें नव्हतें. एक टालान्त म्हणजे सुमारें सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. वीसएक वर्षांची कमाई त्याच्या हातीं होती. मराठी बायबलांत हे टालान्त हजारों रुपयांत सांगितले आहेत हें एका परीनें बरेंच झालें. इंग्रजींत त्या नाण्याचेंच नांव पुढें अंगच्या कसबाला पडलें, आणि ज्याला गाणें, लिहिणें, चित्र काढणें येत नाहीं तो या दाखल्यांतून सुटला असें वाटूं लागलें. रुपये म्हटले म्हणजे कोणी सुटत नाहीं.

हा चाकर आपली सफाई काय देतो? मला भीति वाटली. एवढेंच. आमच्या सुशिक्षित समाजांत या भीतीला दुसरें एक नांव आहे. आम्ही तिला नम्रता म्हणतों. आम्ही तरी म्हणत होतों. कांहीं काळापूर्वी उत्तनच्या एका वयस्क मासळीवाल्या बाईनें आम्हांला गांठलें. तिच्या ओट्यावर संध्याकाळीं कांहीं मुलें जमत. होड्यांवर कामाला आलेल्या परप्रांतीयांचीं, इमारतींवर विटा वाहणाऱ्यांचीं. त्यांना मराठी वाचायला शिकवावें, असें तिचें म्हणणें. आम्हीं आयुष्यभर शिकविण्याचाच धंदा केला, हें तिला माहीत होतें. आम्हीं उत्तर दिलें तें फार सभ्य होतें: आमचें वय झालें, लहान मुलांना शिकविण्याचा आमचा अनुभव नाहीं, त्या मुलांची भाषा आम्हांस येत नाहीं, आमच्याहून योग्य माणसें पुष्कळ आहेत. यांतलें प्रत्येक वाक्य खरें होतें. बाई म्हणाली, “मास्तर, मी पहिल्यांदा पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारांत बसले, तेव्हां मला कुठें भाव करतां येत होता?”

आम्ही घरीं आलों आणि दोन रात्री त्या वाक्याला उत्तर शोधीत बसलों. मिळालें नाहीं. आपल्या अयोग्यतेविषयीं आम्ही जें बोललों त्यांत देव कोठेंच नव्हता. त्यांत होती ती आपल्या नांवाची काळजी. चाळीस वर्षें चांगला शिक्षक म्हणून मिळविलेलें नांव चार उनाड मुलांपुढें फजीत होईल, ही ती काळजी. नाणें स्वच्छ राहावें म्हणून तें पुरलें जातें. बाजावाले गृहस्थ आणि आम्ही यांत मग अंतर तें काय राहिलें? त्यांनीं मालकी उघड दाखविली. आम्हीं ती शालीनतेच्या रुमालांत बांधली. लूकच्या शुभवर्तमानांतल्या अशाच दाखल्यांत चाकर नाणें रुमालांतच बांधून ठेवतो, हें आम्हांला तेव्हां आठवलें आणि हंसूंही आलें.

कोणी विचारील कीं, ज्याला स्वतःची देणगीच ठाऊक नाहीं त्यानें काय करावें? मराठी वाचकांना लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण दूर नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवि म्हणून आधींच नांवारूपास आलेले होते. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची काव्यशक्ति कोणत्या कामीं लागली हें सर्वांनीं पाहिलें. लक्ष्मीबाईंजवळ असें कांहीं आहे हें त्यांच्या स्वतःच्याही गांवीं नव्हतें. शाळा पाहिलेली नाहीं, अक्षरओळख लग्नानंतर घरींच. पतीच्या मृत्यूनंतर मुलाच्या आग्रहावरून त्या आठवणी सांगूं लागल्या, आणि ‘स्मृतिचित्रें’ झालीं. आपली देणगी माणसाला आरशांत दिसत नसते. बहुधा ती दुसऱ्या कोणाला तरी दिसते, आणि तो मागायला येतो. मागणाऱ्याच्या तोंडून देव बोलतो असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं, कारण मागणारे पुष्कळ असतात आणि कांहीं नुसतेच लोचट असतात. पण नाहीं म्हणतांना आपण कशाचें रक्षण करीत आहोंत, एवढें तरी पाहतां येतें.

या दाखल्यांत एक गोष्ट आम्हांला नेहमीं खटकत आली आहे. तीन चाकर आहेत, चौथा नाहीं. द्रव्य बाजारांत घालून जो बुडाला, ज्याच्या हातीं धनी परत आल्यावर दोनही नव्हते आणि एकही नव्हतें, त्याचें काय झालें असतें हें प्रभूनें सांगितलेलें नाहीं. जगाच्या हिशेबानें पाहिलें तर गोन्सालो हाच तो चौथा चाकर म्हणावा लागेल. ज्या वकिलातीसाठीं त्यानें जीभ झिजविली तिचा शेवट क्रूसांच्या रांगेंत झाला. १६१४ सालीं सबंध जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि ती अडीचशें वर्षें टिकली. त्यानें पोंचविलेल्या शब्दांपैकीं कोणता शब्द कोठें रुजला हें कोणीं मोजलेलें नाहीं. तरी धनी त्याला बाहेरच्या अंधारांत घालवील हें आमच्यानें कल्पवत नाहीं. तिसऱ्या चाकराचा अपराध तोट्याचा नव्हता; त्याला धनी कठोर वाटत होता, एवढ्यावरून त्यानें आपल्या धन्याची ओळख करून घेण्याचें टाळलें. तुमची माझी ओळख नव्हती, हें सातव्या अध्यायांतलें उत्तर त्यालाही तितकेंच लागू पडतें. आमच्या मतें तीं दोन्ही स्थळें येथें एकमेकांस मिळतात.

त्या बाईच्या ओट्यावर आम्ही आतां दर मंगळवारीं व शुक्रवारीं जातों. प्रारंभीं अकरा मुलें होतीं. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि कांहीं कुटुंबें आपापल्या मुलुखीं गेलीं, तेव्हां चार उरलीं. त्यांतल्या एकाला जोडाक्षरें येऊं लागलीं आहेत. दुसरा अजून ‘ब’ आणि ‘व’ यांत चुकतो. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बाईचा मुलगा जाळें शिवीत बसलेला असतो, आणि आमचें कांहीं चुकलें म्हणजे मान वर न करतां हंसतो.